सोसायट्या-वस्त्यांच्या परिषदेला जाताय? या चुका टाळा

सोसायटीचे सेक्रेटरी, बचत गटाच्या ताया, मंडळाची पोरं, मोहल्ला कमिटीवाले असे सगळे एकत्र येतात त्या परिषदांना मी बरीच वर्षं जातेय आणि दर वेळी त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून आता लिहूनच काढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुसऱ्याचं काम बघून ते जसंच्या तसं उचलणं. आम्ही हेच केलं होतं. एका परिषदेत एका कॉलनीच्या काकांनी कंपोस्टचे फोटो दाखवले, काळंभोर भुसभुशीत खत, वास अजिबात नाही म्हणाले. आम्ही घरी येऊन पंधरा दिवसांत विटांचे दोन हौद बांधून मोकळे. जुलैत झाकण उघडलं तर पांढऱ्या अळ्या भिंतीवरून वर चढत होत्या, पार वॉचमनकाकांच्या केबिनपर्यंत गेलेल्या, आणि पहिल्या मजल्यावरच्या लोकांनी खिडक्या उघडणं बंद केलेलं. शेवटी त्या काकांनाच फोन लावला. ते बिचारे रविवारी आले, हौदात हात घालून मूठभर माल दाबला तर बोटांमधून पाणी गळायला लागलं. म्हणाले, "अहो ताई, यात पाला कुठाय?" त्यांच्याकडे मोठी झाडं, एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या सुका पाला घालायचे, आणि एक मावशी दर दोन दिवसांनी सगळं वरखाली करायच्या. आमच्याकडे झाडं चार आणि बाकी सगळं पार्किंग. फोटोत यातलं काहीच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मग भुसा आणून मिसळला, रोज हलवलं, तेव्हा कुठे महिन्याभरात अळ्या गेल्या. आता फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत शेजारच्या बागेतून पाल्याची पोती भरून ठेवतो, ती पावसाळ्यात पुरतात.

तेव्हापासून वहीत प्रत्येक माणसाला एक पान देते आणि तीनच गोष्टी विचारते: रोज हाताने कोण करतं, पैसे कुठून येतात, पहिल्या वर्षी काय बिघडलं. तिसऱ्या प्रश्नाला लोक खरं बोलायला लागतात, तेव्हा पेन थांबवू नका.

दुसरी चूक, फक्त चेअरमनला पाठवणं. चेअरमन भाषण ऐकून येतात, पण दारोदार फिरून ओला-सुका सांगणाऱ्या ताईला जे सुचतं ते त्यांना सुचत नाही, कारण ते काम त्यांनी केलेलंच नसतं. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ च्या सुमारास महिला मिलन ही स्वतःची संघटना सुरू केली, बचत, वस्तीची मोजणी, घराचा आराखडा हे स्वतः केलं आणि मग दुसऱ्या वस्त्यांतल्या बायकांना स्वतःच जाऊन दाखवलं. ही ये-जा पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांपर्यंत पोचली. ज्या बाईने पासबुक सांभाळलंय तीच पासबुक शिकवू शकते, म्हणून दोन जागा असतील तर एक काम करणाऱ्याला द्याच.

नुसती भाषणं ऐकून परत येऊ नका, खरं बोलणं जेवणाच्या रांगेत होतं.

स्वतःच्या सोसायटीच्या भांडणांची कैफियत तिथे मांडत बसू नका.

ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे काम झालं असं नाही.

आणि नवीन लोकांची घाई, याचा मला खरंच त्रास होतो. "एका महिन्यात कचरामुक्त कसं व्हायचं ते सांगा" असं विचारतात. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी गल्लीची सफाई हातात घेतली, त्यातून मुंबईभर एएलएम, म्हणजे पालिकेसोबत काम करणारे रहिवाशांचे गट, उभे राहिले, ते महिन्याभराचं काम नव्हतं. पहिलं वर्ष एकच मजला किंवा एकच विंग धरा. शॉर्टकट म्हणून कंपोस्टचं मशीन घेणाऱ्यांचं मशीन मी ताडपत्रीखाली पडलेलं पाहिलंय.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत ज्याचं काम आवडलं त्याच्या कॉलनीत स्वतः जा. कचरा गोळा होतो त्या वेळी, सकाळी सातला. सोबत आपल्या हाउसकीपिंगच्या मावशींना न्या, आणि त्या दोन मावशींना एकमेकींशी बोलू द्या, आपण मध्ये पडायचं नाही.