महागड्या हॉकी करारांवर बोलताना या चुका टाळा

नागपूरच्या मिहानमध्ये कॅनडाच्या क्लायंटसाठी रात्रपाळी करणाऱ्या पोरांना आइस हॉकीचा नाद लागला, हे चांगलंच झालं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या बऱ्याच मॅच आपल्या पहाटे चालतात, त्यामुळे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर निकाल ताजाच असतो. पण कोट्यवधी डॉलरवाला खेळाडू चार मॅच कोरडा गेला की ठराव एकच : “काढून टाका ना बे त्याला!”

ही सगळ्यात मोठी चूक. काढणं, म्हणजे बायआउट, फुकट होत नाही. खेळाडू 26 किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश द्यावा लागतो, तोही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. आमच्यातल्या एकाने यावर एक्सेल शीट बनवली. “पाहा भाऊ, किती पैसा वाचून राहिला!” मी म्हटलं, यात मिनेसोटा वाइल्ड हा संघ टाक. त्यांनी 2012 मध्ये झॅक पॅरीझे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी 13 वर्षांसाठी 9 कोटी 80 लाख डॉलर कबूल केले आणि 2021 मध्ये, चार वर्षं उरली असताना, दोघांनाही बायआउट केलं. शेवटच्या दोन वर्षांचा पगार फक्त 10-10 लाख डॉलर होता. पण सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एका मोसमाच्या पगारखर्चाच्या कमाल मर्यादेत, धरली जाते ती कराराची वार्षिक सरासरी, म्हणजे 75 लाखांच्या वर. त्या दोन वर्षांत बायआउटने त्यातून वर्षाला प्रत्येकी सुटले जेमतेम पावणेदोन लाख. म्हणून 2023-24 मध्ये कॅप 8 कोटी 35 लाखांची, आणि त्यातले 1 कोटी 47 लाख संघात नसलेल्या दोघांच्या नावावर! पुढच्या वर्षीही तेवढेच. छोटं शेपूट तर 2028-29 पर्यंत आहे. पठ्ठ्याच्या शीटमध्ये कॅपचा कॉलमच नव्हता. घाई, दुसरं काय! मी आधी कॅपचे आकडे वर्षावार वहीत उतरवतो, मग तोंड उघडतो.

दुसरी चूक म्हणजे आजचा फॉर्म पाहून जुन्या सहीला शिव्या देणं. जोनाथन ह्यूबर्डोने 2021-22 मध्ये फ्लोरिडाकडून 115 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. कॅलगरीने ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, त्याला घेतलं आणि तो त्यांच्याकडून एकही मॅच खेळायच्या आत, ऑगस्ट 2022 मध्ये, आठ वर्षांचा 8 कोटी 40 लाखांचा करार केला. पहिल्याच मोसमात गुण 55. प्रश्न जरूर विचारा, पण सहीच्या तारखेचा विचारा : आधीची त्याची सर्वोच्च कमाई 92 गुण, करार लागू होणार तिशीत, मग भाव 115 चा काहून? “तो आळशी झाला” हे विश्लेषण नव्हे, चिडचिड आहे.

ट्रेड सुचवण्याआधी करारात नो-मूव्ह कलम आहे का ते बघा. असलं तर खेळाडूच्या होकाराशिवाय तुमची योजना ठेल्यावरच राहते.

ट्रेड करताना “अर्धा पगार आपण भरू, पण घ्या त्याला” हे चालतं, पण 50 टक्क्यांच्या वर नाही आणि एका वेळी तीनच करारांवर.

खेळाडूला मायनर, म्हणजे खालच्या लीगला धाडल्याने कॅपमधून पूर्ण आकडा जात नाही.

दहा मॅचवरून निकाल लावू नका. शॉट तेच असतात, कधी गोलकीपर अडवतो, कधी खांबाला लागतात.

आणि हॉकी इंडिया लीगचं गणित इथे आणू नका. 2024 च्या लिलावात सूरमा क्लबने हरमनप्रीत सिंगला 78 लाख रुपयांना घेतलं. तो लिलावातला भाव आहे, आठ वर्षांचा करार नाही.