गस्त, ग्रुप आणि अफवा: गावच्या सुरक्षा दलाने या चुका टाळाव्यात

सोयाबीन घरात आलं, ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की गावोगावी गस्तीचा विषय निघतो. कुणाच्या विहिरीवरची केबल गेलेली असते, कुणाच्या गोठ्यातून शेळ्या. मारुतीच्या पारावर ठरतं की उद्यापासून पोरांनी राऊंड मारायचा. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, काठ्या निघतात आणि पहिल्या रात्री तीस-चाळीस जण जमतात. पंधरवड्यात त्यातले चार-पाच उरतात. त्याची सगळे तक्रार करतात, पण खरी भीती बाळगावी ती पहिल्या रात्रीच्या चाळीस जणांची. हातात काठी, डोक्यात अर्धवट बातमी आणि सोबतीला गर्दी असली की चोर सापडो न सापडो, कुणीतरी मार खातोच.

चूक पहिली: बिनवेळेचा, बिननावाचा मेसेज

‘सावधान, आपल्या भागात टोळी फिरतेय, सर्व ग्रुपवर पाठवा.’ यात कधी नाही, कुठे नाही, पाहिलं कुणी तेही नाही. असा मेसेज खरा की खोटा हे तपासायलाच जागा नसते. ऑडिओ क्लिप तर त्याहून वाईट. घाबरलेला आवाज ऐकला की माणूस विश्वास ठेवतो, पण तो आवाज कोणत्या तालुक्यातला आणि कोणत्या वर्षीचा, हे कुणीच सांगू शकत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी आकाशात ड्रोन फिरतायत म्हणून रात्री जागून काढल्या.

अशा अफवेचं टोक धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसलं. १ जुलै २०१८, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीपासून मोबाइलवर फिरत होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या, भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० ला दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच गेले. तिथेही रात्रीच्या चोरांची अफवा होती आणि गावकरी जागेच होते.

म्हणून ग्रुपवर मेसेज असा हवा: ‘रात्री १.१०, वरच्या वस्तीच्या डीपीजवळ पांढरा पिकअप, लाइट बंद, पुढे नदीच्या रस्त्याने गेला. मी स्वतः पाहिला. ११२ ला कळवलं आहे.’ खाली नाव. ज्याला नाव टाकायची लाज वाटते, त्याचा मेसेज ग्रुपवर नसलेलाच बरा.

ॲडमिन मंडळींची एक खोड इथे सांगायला हवी. खोटा मेसेज ते डिलीट करतात आणि गप्प बसतात. तोवर शंभर जणांनी तो वाचलेला असतो. त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळकपणे ‘सकाळचा मेसेज खोटा होता, पोलीस पाटलांशी बोललो’ असं लिहायला हवं.

चूक दुसरी: परका दिसला की अडवणं

गस्तीने पाहायचं ते काय घडतंय. समोरचा कोण आहे, हे नंतर. रात्री दीड वाजता कुणी रोहित्राचे नट खोलत असेल तर ती घटना. धनगरांचा वाडा माळावर उतरला, नंदीवाले आले, ऊसतोड टोळीतला एखादा माणूस दवाखाना शोधत फिरतोय, ही घटना नाही. त्यातले बरेच जण पिढ्यानपिढ्या त्याच वाटेने येतात. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते नावानिशी सांगतील. मुकादमाचा आणि वाड्यावरच्या कारभाऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवला तर निम्मे संशय एका फोनवर मिटतात.

प्रत्यक्ष चोरी करताना कुणी सापडला, तर? चोरीसारखा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडत असेल तर साध्या नागरिकालाही त्या माणसाला पकडता येतं. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. झाडाला बांधणं, चोपणं, ‘कबूल कर’ म्हणत व्हिडिओ काढणं यातलं काहीही त्यात बसत नाही. तो व्हिडिओ पुढे तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

चूक तिसरी: पोलीस ठाण्याला न कळवता गस्त

दोन शेजारच्या गावांच्या गस्ती शिवेवर समोरासमोर येतात आणि दोघांनाही समोर चोर दिसतात, हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाळीची यादी पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात द्या आणि शेजारच्या गावालाही कळवा. चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं आणि शिट्ट्या ग्रामपंचायतीकडून मिळाल्या तर उत्तम. बीट अंमलदारांना एकदा गावात बोलवून पोरांची ओळख करून द्या.

फोनच्या बाबतीत सवय अशी की ओळखीच्या हवालदाराला आधी फोन लावायचा. तो रजेवर असतो, झोपलेला असतो किंवा बंदोबस्ताला दुसऱ्याच टोकाला असतो. आधी ११२ लावा. गावाचं नाव सांगताना तालुका आणि जिल्हा सांगायलाच हवा, कारण वडगावं आणि पिंपळगावं राज्यात ढिगाने आहेत. मग खूण: शाळा, पूल, पंप.

काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरवर बोललेला निरोप परिसरातल्या नोंदणी झालेल्या सगळ्यांना फोन म्हणून जातो. तुमच्या गावात ती ‘चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर आधी नोंदणी तपासा. सिमकार्ड बदललेलं असतं आणि नवा नंबर यादीत नसतो. दुसरं कारण म्हणजे बोलणारा घाईत आपलं नाव-गाव न सांगता नुसता ओरडतो.

चूक चौथी: कॅमेरे लावले की झालं

वेशीवर चार कॅमेरे बसतात, उद्घाटन होतं आणि चोरीच्या दिवशी कळतं की फुटेज नाही. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीचं, घड्याळ चुकलेलं असतं, हार्ड डिस्क बंद पडलेली असते किंवा वीज गेली तेव्हा बॅकअप नव्हता. कधी कधी चोर डीव्हीआरच घेऊन जातो, कारण तो ऑफिसच्या टेबलावर उघडा ठेवलेला. कॅमेरा समोरच्या दिव्याकडे तोंड करून लावला असेल तर रात्री नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरा गोळा दिसतो. महिन्यातून एकदा, रात्रीच, मागच्या आठवड्याचं फुटेज उघडून पाहायची जबाबदारी एका नावावर टाका. ग्रामसेवकावर नको, त्याच्याकडे आधीच तीन गावं असतात.

आणि बिबट्या

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाड या पट्ट्यात गस्तीला चोराआधी बिबट्याच भेटण्याची शक्यता. उसाच्या फडाला वेढा घालून बॅटऱ्या मारणं, व्हिडिओसाठी जवळ जाणं, फटाके वाजवत पाठलाग करणं, यानेही माणसं जखमी होतात. निसटायला वाट सोडा, वस्तीवरची लहान मुलं आत घ्या आणि वन विभागाच्या १९२६ वर कळवा. फड तुटत असेल तर टोळीच्या कोपीवर आधी सांगा, कारण त्यांच्या झोपड्यांना दारं नसतात आणि ती माणसं तुमच्या ग्रुपवरही नसतात.