कोविडनंतर हरपलेली गंधसंवेदना: घरी करावयाचा गंधसराव

कोविड-१९ मध्ये नाक मोकळे असूनही वास जातो, याचे कारण नाकाच्या अगदी वरच्या भागातील अस्तरात आहे. तेथे वास टिपणाऱ्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी असतात. विषाणूला आत शिरू देणारे एसीई-२ हे प्रथिन प्रामुख्याने या आधारपेशींवर असल्यामुळे त्यांना इजा होते आणि चेतापेशींचे कामही कोलमडते. या चेतापेशी पुन्हा तयार होऊ शकतात, म्हणून बहुतेकांना काही आठवड्यांत वास येऊ लागतो. ज्यांना येत नाही, त्यांनी गंधसराव, म्हणजे ठरावीक गंध रोज लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव, सुरू करावा.

जर्मनीतील ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या मूळ पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार गंध आहेत. झाकणाच्या चार छोट्या बाटल्यांत कापूस ठेवून प्रत्येकीत एकेका सुगंधी तेलाचे थोडे थेंब टाकावेत व बाहेर नाव लिहावे. तेल नाकात किंवा त्वचेवर कधीही लावू नये. सकाळी आणि रात्री प्रत्येक बाटली नाकाजवळ धरून १० ते २० सेकंद हलके, छोटे श्वास घ्यावेत आणि मध्ये थोडी विश्रांती घ्यावी. हुंगताना त्या वस्तूचा पूर्वीचा वास मनात आणण्याचा प्रयत्न करावा. माझ्या मते घाईघाईने उरकलेल्या सरावात नेमके हेच राहून जाते. निदान १२ आठवडे खंड पडू देऊ नये. काहीच जाणवत नसले तरी सराव सोडू नये, कारण सुधारणा फार संथ असते.

काही जणांना वास परतू लागताना कॉफी, कांदा, लसूण किंवा मांस यांचा वास असह्य, कुजकट वाटू लागतो. ही अवस्था अतिशय त्रासदायक असते. जेवण नकोसे होते, वजनही घटते, आणि घरच्यांना ते खरे वाटत नाही. चेतापेशींची जुळणी नव्याने होत असल्याचे ते अनेकदा लक्षण असते. अशा वेळी पदार्थ गार किंवा कोमट करून खावेत, तळणे टाळावे आणि सरावातील जो गंध सहन होत नाही तो बदलावा.

‘चव गेली’ अशी तक्रार पुष्कळदा वासाचीच असते: जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळते, पण पदार्थाची खरी ओळख घशामागून नाकात पोहोचणाऱ्या वासाने पटते.

वास एकाच नाकपुडीतून येईनासा झाला असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर सरावावर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. वास येईपर्यंत गॅस व धूर ओळखणारी यंत्रे घरात बसवावीत आणि शिळ्या अन्नाची पारख दुसऱ्याकडून करून घ्यावी.