अपडेटनंतर घड्याळ साडेपाच तास मागे? लिनक्सवर टाइमझोन सांभाळायचा तो असा

गोव्यातल्या हणजूणच्या एका गेस्ट हाउसचं बुकिंगचं मशीन मी बघतो. गेल्या हंगामाच्या तोंडावर तिथला उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) काढून २४.०४ नव्याने चढवला, जुन्या फायली जागच्या जागी ठेवल्या आणि फोंड्याला घरी आलो. चार दिवसांनी सकाळी, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू अजून रस्त्यावर वाजत होता तेव्हाच, मालकांचा फोन.

"अरे, मोपा विमानतळाहून पाहुणा पहाटे तीनला आला. वहीत बारा तारीख लिहिलीय. तुझा कंप्युटर अकरा म्हणतो नि एका रात्रीचं भाडं जास्त लावतो. पाहुणा काउंटरवर उभा आहे."

घरूनच मशीनवर शिरलो आणि 'डेट' ही कमांड दिली. वेळ बरोबर, तारीख बरोबर. मशीन शहाणं होतं, बुकिंगचा प्रोग्राम तेवढा मागे राहिला होता. त्या दिवशी जे शोधत बसलो, ते तुम्हाला शोधावं लागू नये म्हणून क्रमाने लिहितो. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची.

१. आधी फरक मोजा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. कंप्युटरच्या आत वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धावत असते आणि टाइमझोन फक्त ती दाखवताना लागतो. त्यामुळे फरक किती आहे यावरूनच रोग बराचसा कळतो.

बरोबर साडेपाच तास मागे असेल, तर कुठेतरी यूटीसी लागलंय. साडेचार तास मागे आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तर मशीन लंडन किंवा लिस्बनच्या वेळेवर आहे. हिवाळ्यात तोच फरक साडेपाचाचा होतो, म्हणून तिथून कुणी पाठवलेल्या लॅपटॉपवर हमखास फसायला होतं. दीड तास म्हणजे दुबई किंवा मस्कत, अडीच म्हणजे कुवेत किंवा दोहा. आखातातून आलेली आणि तारवटी (जहाजावर काम करणाऱ्या) मंडळींनी आणलेली मशीनं मी बहुतेक अशीच ओळखतो. साडेपाच तास पुढे असेल, तर त्याच मशीनवर विंडोजही आहे का ते विचारा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिलाच यूटीसी समजून वर साडेपाच तास चढवतं.

फरक पाच-सात मिनिटांचा असेल तर टाइमझोनचा काही संबंध नाही. तिथे इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा बंद पडलेली असते. उलट ती सेवा चालू असली म्हणून टाइमझोन दुरुस्त होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

२. अपडेटच्या आधी दोन मिनिटं द्या

'टाइमडेटसीटीएल' कमांड द्या. तिच्या उत्तरात टाइमझोनची ओळ असते. तिथे एशिया/कोलकाता, आयएसटी, +०५३० दिसायला हवं. ते कागदावर लिहा किंवा फोटो काढा. मग ईटीसी या सेटिंगच्या फायलींच्या फोल्डरमधली 'लोकलटाइम' फाइल 'एलएस -एल' लावून बघा. ती खरी फाइल नसावी, यूएसआर/शेअर/झोनइन्फो या फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा असावा. कुणी एके काळी झोनची फाइल कॉपी करून तिथे ठेवली असेल, तर टाइमझोनच्या नियमांचं पॅकेज, म्हणजे 'टीझेडडेटा', कितीही वेळा अपडेट झालं तरी ती कॉपी जुनीच राहते.

भारतापुरतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ घड्याळं तासभर पुढे होती, त्यानंतरचा असा कुठलाही बदल टीझेडडेटात भारतासाठी नोंदलेला नाही. पण कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश एका वेळेवर आणला, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. परदेशी पाहुण्यांना त्यांच्या वेळेत फोन किंवा मेल जात असेल, तर हे अपडेट टाळून चालत नाही.

उबंटू आणि डेबियन (लिनक्सचा आणखी एक प्रकार) यांच्या बऱ्याच आवृत्त्यांत ईटीसीमध्येच 'टाइमझोन' नावाची एका ओळीची दुसरी फाइलही असते. ती आणि वरचा दुवा वेगवेगळं सांगत असतील, तर अपडेटच्या वेळी पॅकेज दोघांतल्या एकावर विश्वास ठेवतं, आणि कोणावर ते आवृत्तीप्रमाणे बदलतं. म्हणून फाइल हाताने खरडू नका.

३. बदलायचं तर कमांडनेच

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता. एवढंच. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने. एशिया आणि कोलकाता या दोन्ही शब्दांचं पहिलं रोमन अक्षर मोठं, मधली रेघ उजवीकडे कललेली. यादीतून निवडायचं असेल तर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर टीझेडडेटा' खंड आणि मग शहर विचारतं.

त्या यादीत पणजी नाही, मुंबई नाही, दिल्लीही नाही. १९७० पासून ज्या भागातली घड्याळं सारखी चालली त्या भागाला एकच नाव, आणि ते साधारणपणे तिथल्या मोठ्या शहराचं, असा टीझेडडेटा ज्यातून येतो त्या टाइमझोनच्या डेटाबेसचा नियम आहे. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला, त्यामुळे या हिशेबात आपण कोलकात्याच्याच रांगेत.

४. 'कॅलकटा' शोधा आणि काढा

माझा घात इथे झाला. २००१ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे कोलकाता झालं, डेटाबेसनेही पुढे ते घेतलं आणि एशिया/कॅलकटा हे टोपणनाव म्हणून ठेवलं. वर्षानुवर्षं दोन्ही चालत होती. पण उबंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये अशी जुनी नावं 'टीझेडडेटा-लेगसी' या वेगळ्या पॅकेजात गेली आहेत आणि नव्याने चढवलेल्या मशीनवर ते असेलच असं नाही.

बुकिंगचा प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी कधीकाळी एक ओळ लिहून ठेवली होती: टीझेड (प्रोग्रामला टाइमझोन सांगणारी किंमत) बरोबर एशिया/कॅलकटा. नव्या मशीनवर ते नाव सापडेना. लिनक्सने तक्रार केली नाही, एरर दाखवली नाही, मुकाट्याने यूटीसी धरलं. टर्मिनलवर ती किंमत देऊन 'डेट' चालवलं, तेव्हा जिथे आयएसटी यायचं तिथे नुसतं 'एशिया' आलं आणि वेळ साडेपाच तास मागची. हे 'एशिया' दिसलं की समजा, झोनचं नाव चुकलंय किंवा त्याची फाइलच नाही.

ईटीसी फोल्डर आणि तुमच्या प्रोग्रामचं फोल्डर 'ग्रेप' ही शोधायची कमांड लावून कॅलकटा या शब्दासाठी चाळा, सापडेल तिथे कोलकाता करा. दुसऱ्याचा प्रोग्राम असेल, बदलता येत नसेल, तर लेगसी पॅकेज घाला. पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र असं न सापडणारं नाव आलं तर यूटीसी न धरता सरळ जोडणीच नाकारतो. विंडोजवरचा जावा प्रोग्राम बऱ्याचदा अजून कॅलकटाच पाठवतो, तेव्हा जावा सुरू करतानाच 'यूझर.टाइमझोन'ला कोलकाता द्यावं लागतं.

डॉकर (प्रोग्राम स्वतंत्र पेटीत चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं: छोट्या इमेजमध्ये, म्हणजे त्या पेटीच्या साच्यात, टीझेडडेटा मुळात नसतो. तिथे टीझेड कितीही बरोबर लिहा, फाइल नाही म्हणून पुन्हा यूटीसीच.

५. अपडेट मध्येच थांबून प्रश्न विचारतं तेव्हा

तुम्ही बदललेल्या सेटिंग फाइलची नवी प्रत पॅकेजसोबत आली, की वाय, एन, डी असे पर्याय येतात. घाईत वाय दाबलं की तुमची फाइल बाजूला पडते आणि नवी लागू होते. डी दाबून फरक बघा. कळत नसेल तर एन, म्हणजे आपली फाइल राहते. त्यापेक्षा मूळ फाइलला हात न लावता जादा सेटिंगसाठी असलेल्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये आपली छोटी स्वतंत्र फाइल ठेवणं मला जास्त आवडतं.

पीएचपी या भाषेत वेबसाइट चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिच्या ८.१ आवृत्तीचं सेटिंग फोल्डर निराळं, ८.३ चं निराळं. एकात लिहिलेलं 'डेट.टाइमझोन' दुसऱ्यात आपोआप जात नाही. शिवाय टर्मिनलची आणि वेबसाइटची 'पीएचपी.आयएनआय' ही सेटिंगची फाइलही वेगळी. टर्मिनलवर वेळ बरोबर दिसते म्हणून निर्धास्त राहू नका.

६. प्रोग्राम पुन्हा सुरू करा

चालू प्रोग्राम टाइमझोन सहसा सुरुवातीलाच वाचतात. झोन बदलल्यावर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारी सेवा) रीस्टार्ट केला नाही, तर रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला, ऐन नाश्त्याच्या गर्दीत सुरू होऊ शकतो. पूर्ण मशीन रीबूट करता येत असेल तर तेच करा.

मग एक खोटी नोंद घालून तिचा तास बघा. नुसती तारीख बघू नका, दुपारी केलेल्या चाचणीत ती बरोबरच येते.

७. मधल्या काळातल्या नोंदी

सेटिंग सुधारलं तरी आधी चुकीच्या लिहिल्या गेलेल्या वेळा तशाच राहतात. अपडेट नेमकं केव्हा झालं ते वार/लॉग/एपीटी फोल्डरमधल्या 'हिस्टरी.लॉग' फाइलमध्ये सापडतं. तेव्हापासून दुरुस्तीपर्यंतच्याच नोंदी साडेपाच तास पुढे सरकवायच्या, तेही डेटाबेसची प्रत काढून ठेवल्यावर.

हणजूणला अशा सतरा नोंदी निघाल्या. मालक फोनवर वही वाचत होते, मी एकेक दुरुस्त करत होतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत आलेल्या तिघांचीच तारीख बदलली होती, बाकी चौदा जणांची फक्त वेळ. तिघांतले दोघे तोवर पैसे भरून निघून गेले होते. त्यांना जादा भाडं परत पाठवलं, आणि ते माझ्या बिलातून कापलं गेलं.