फास्ट होमबिल्ट विमान सेकंडहँड घेताय? पैसे द्यायच्या आधी हे बघा

अमेरिकेत लॅन्सेअर, ग्लासेअर, व्हॅन्सच्या आरव्ही अशी होमबिल्ट विमानं (कंपनीचं किट घेऊन कोणीतरी स्वतः जोडलेली) सेकंडहँड भरपूर विकायला येतात आणि जाहिरातीत पहिला आकडा असतो स्पीडचा. माझं म्हणणं, तो आकडा सगळ्यात शेवटी बघा. फॅक्टरीतून आलेल्या दोन सेसना १७२ साधारण सारख्याच निघतात, पण एकाच किटपासून झालेल्या दोन लॅन्सेअर ३६० सारख्या नसतात, कारण एकाने रेझिन (फायबरच्या कापडाचे थर चिकटवणारं रसायन) वजन करून मिसळलेलं असतं, दुसऱ्याने अंदाजपंचे, आणि रंग मारल्यावर दोन्ही तितक्याच चकचकीत दिसतात. म्हणजे पारख करायचीय ती बनवणाऱ्याच्या कामाची.

पण त्याच्याही आधी स्वतःकडे बघा. विंग लोडिंग काढा, म्हणजे फुल वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ. सेसना १७२ ला दर चौरस फुटाला साधारण १४-१५ पाउंड येतं, आरव्हीचंही फार लांब नाही, आणि लॅन्सेअर फोर-पीला ३५ च्या वर जातं. एवढ्या लोडिंगचं विमान स्लो झालं की सिंक रेट (खाली येण्याचा वेग) झपकन वाढतो आणि स्टॉल (वेग कमी पडून पंखाची उचल संपणं) कधीकधी काहीही इशारा न देता एक पंख टाकतो. सर्टिफाइड (सरकारी मंजुरीच्या, फॅक्टरीतल्या) सिंगल इंजिन विमानांना साधारण ६१ नॉटची (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) स्टॉल स्पीडची मर्यादा असायची, होमबिल्टला तसली काही मर्यादा नाही. इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली आणि ४५ ऐवजी ६५ नॉटला टेकलात तर आदळण्याची ऊर्जा दुपटीहून जास्त होते, हे गणित घेण्याआधीच करायचं.

एनटीएसबीने (अमेरिकेची अपघात तपासणारी सरकारी संस्था) २०११ सालच्या होमबिल्ट अपघातांचा अभ्यास करून २०१२ मध्ये रिपोर्ट काढला. त्यात निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली होती आणि १४ अपघात तर नव्या मालकाच्या अगदी पहिल्याच फ्लाइटला झाले होते. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं ट्रेनिंगने टळण्यासारखं आहे. म्हणून त्याच मॉडेलवर शिकवणारा इन्स्ट्रक्टर आधी गाठा, एफएएचं (अमेरिकेचं विमान खातं) अनोळखी विमानावर जाण्याबद्दलचं एसी ९०-१०९ए हे पत्रक वाचा (फुकट मिळतं), आणि इन्शुरन्सचं कोटेशन विमान बघायला जायच्या आधी घ्या. ब्रोकरने "अमुक तास ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबर उड्डाण) केल्याशिवाय कव्हर नाही" म्हटलं तर ते तास आणि तो खर्च विमानाच्या किमतीतच धरायचा.

आता कागदपत्रं. एअरवर्दिनेस सर्टिफिकेटबरोबर (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) ऑपरेटिंग लिमिटेशन्स म्हणजे ते कसं उडवायचं याच्या अटींचा कागद असतो, तो त्या सर्टिफिकेटचाच भाग आहे आणि विमानात असायलाच हवा, नसेल तर विमान कायदेशीर उडवता येत नाही, मालक कितीही म्हणू दे की "घरी कुठेतरी असेल". डेटा प्लेटवरचं बनवणाऱ्याचं नाव आणि सिरियल नंबर रजिस्ट्रेशनशी जुळवा. एफएएकडून विमानाची पूर्ण फाइल मागवा, टायटल सर्च (मालकी आणि कर्जाचा तपास) करून घ्या. लॉगबुकात फेज वन म्हणजे टेस्टिंगचे २५ किंवा ४० तास कसे उडवले ते नीट वाचा. स्टॉल, क्लाइंब, मागचा सीजी (गुरुत्वमध्य मागे असताना विमान कसं वागतं), प्रत्येकाची वेगळी नोंद असेल तर माणूस मन लावून काम करणारा, आणि बरोबर ४० तासाला नुसती सही असेल तर त्या विमानाचं टेस्टिंग झालंय असं मी धरणार नाही. होमबिल्टमध्ये कमाल वजन बनवणाराच ठरवतो, त्यामुळे किट कंपनीच्या आकड्यापेक्षा ते जास्त दाखवलेलं असेल तर कशाच्या आधारावर ते विचारा. आणि घ्यायच्या आधी विमान परत वजन करून घ्या, कारण नंतर बसवलेला ऑटोपायलट, सीट, रंग, हे सगळं कागदावर चढवलेलं असतंच असं नाही. लॅन्सेअर ३२०/३६० मध्ये छोटी शेपटी असलेली जुनी विमानं आहेत, त्यांना सीजी मागे गेलेला अजिबात सोसत नाही, पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) खूप नाजूक होतात.

बनवतानाचे फोटो आणि बिल्डर लॉग मागा. पंख बंद करायच्या आधीचे फोटो सगळ्यात महत्त्वाचे, कारण स्पार (पंखाची मुख्य तुळई) आणि रिबचे (आडव्या फासळ्या) जोड नंतर कोणालाच दिसत नाहीत. मग नाणं घ्या आणि पंखाच्या कातडीवर हलक्या हाताने, इंच-दोन इंचावर वाजवत जा. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, थर सुटलेला असेल तिथे बद्द येतो. बद्द ऐकू आलं की तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि पुढे सरका, शेवटी लांब उभं राहून बघितलं की टेपांनी कुठे गर्दी केलीय ते कळतं (आत रिब किंवा स्पार आला तरी आवाज बदलतो, म्हणून दुसऱ्या पंखाची तीच जागा वाजवून बघायची). टाकीच्या भागात रंगाला फोड दिसले तर पेट्रोल थरात झिरपतंय का हे तपासा. गडद रंगाचं कंपोझिट (रेझिन आणि फायबरच्या थरांचं) विमान असेल तर जास्त सावध, उन्हात कातडी इतकी तापते की रेझिन मऊ पडायला लागतं, पांढरा रंग त्यासाठीच देतात. धातूच्या आरव्हीला हा त्रास नाही, तिथे रिव्हेट आणि गंज बघायचा, आणि किट २०२२-२३ च्या सुमाराचं असेल तर लेझर कट पार्ट्स वापरलेत का ते विचारायचंच, कारण त्यांच्या भोकांपाशी क्रॅक जाण्याचा प्रश्न निघाला होता.

गिअर (चाकं) आत जाणारा असेल तर विमान जॅकवर चढवून तो निदान पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, एकदा पंप बंद ठेवून इमर्जन्सीनेही खाली आणा. गिअर वर गेल्यावर शांत उभे राहा आणि ऐका, पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालू होत असेल तर प्रेशर कुठेतरी गळतंय.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. कमी तासांचं पण वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन फायद्याचं नसतं. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर असतो, तेल ओसरून जातं आणि कॅम गंजतो, आणि सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (नळीचा कॅमेरा) घालून कॅम दिसत नाही. ऑइल फिल्टर कापून त्यात लोखंडी कण आहेत का बघा.

प्री-बाय (घेण्याआधीच्या) तपासणीला तेच मॉडेल माहीत असलेला मेकॅनिक घ्या, विकणाऱ्याचा मित्र नको. दरवर्षीची कंडिशन इन्स्पेक्शन (वार्षिक तपासणी) कोणीही ए अँड पी (एफएएचा लायसन्सधारक मेकॅनिक) करू शकतो, पण स्वतःच्या विमानाची ती तपासणी करण्यासाठी बनवणाऱ्याला मिळणारं रिपेअरमन सर्टिफिकेट तुम्हाला विकत मिळत नाही. दुरुस्तीचं काम स्वतः करायला परवानगी आहे, वार्षिक सहीला मात्र बहुतेक वेळा दुसरा माणूस लागतो, तेव्हा तुमच्या एअरपोर्टवरचा मेकॅनिक कंपोझिट होमबिल्टला हात लावायला तयार आहे का हे आत्ताच विचारून ठेवा. बरेच जण सरळ नाही म्हणतात.

सौदा झाला की विमान स्वतः उडवत घरी आणायचा हट्ट करू नका. त्या मॉडेलवर भरपूर तास असलेल्या पायलटला आणू द्या, शक्य असेल तर तो इन्स्ट्रक्टर असू दे आणि तुम्ही शेजारी बसा. पहिले काही आठवडे लांब रनवे, चांगली हवा, पॅसेंजर नाही, टाकी अर्ध्याच्या वर, आणि उंचावर जाऊन इन्स्ट्रक्टरबरोबर स्लो फ्लाइट, जोपर्यंत अप्रोचचा (उतरायला येतानाचा) स्पीड हातात बसत नाही तोपर्यंत.