पहिल्या व्हॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायरसाठी सुटे भाग जमवताना: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर घरी बनवायचा ठरवल्यावर बहुतेक जण सर्वांत आधी व्हॉल्व्ह विकत घेतात, कारण काचेच्या नळीत पेटणारा तो तांबूस प्रकाशच या छंदाकडे ओढून आणतो. माझा आग्रह मात्र नेमका उलट आहे. सर्किट कागदावर ठरवावे आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर (वीजपुरवठ्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरकडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर) हातात येऊन तपासून होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही भागावर पैसे खर्च करू नयेत. व्हॉल्व्ह टपालाने येतात, रेझिस्टर आणि कॅपॅसिटर कोणत्याही मोठ्या गावात मिळतात. ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा करूनच घ्यावा लागतो. त्याचे व्होल्टेज, आकारमान आणि वजन यांवर चॅसीपासून, म्हणजे सगळे भाग बसवण्याच्या पत्र्याच्या सांगाड्यापासून, कॅपॅसिटरपर्यंत सगळे अवलंबून असते.

पहिल्या प्रयत्नासाठी सर्किट साधे असावे. प्रवर्धनासाठी एक ईसीसी८३, जिला अमेरिकन पद्धतीत १२एएक्स७ म्हणतात, आणि शेवटच्या टप्प्यात एकच पॉवर व्हॉल्व्ह, अशी ही ‘सिंगल एंडेड’ रचना सुमारे पाच वॅट देते. घरातल्या खोलीत हे पाच वॅट पुरून उरतात. पॉवर व्हॉल्व्ह म्हणून ६व्ही६ किंवा ईएल८४ यांपैकी कोणतीही चालते, आणि येथे एक सोय आहे. २५० व्होल्टवर ६व्ही६ला ५,००० ओहमचा आणि ईएल८४ला ५,२०० ओहमचा भार लागतो, म्हणजे व्यवहारात दोघींना एकच आउटपुट ट्रान्सफॉर्मर चालतो. त्यामुळे लोखंड, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आधी घेऊन ठेवावे आणि पुढे जी व्हॉल्व्ह चांगल्या अवस्थेत मिळेल ती लावावी. बदलतो तो फक्त सॉकेट आणि कॅथोडचा रेझिस्टर: ६व्ही६साठी २७० ओहम, ईएल८४साठी १५० ओहम, आणि दोन्ही किमान तीन वॅटचे.

परदेशी संचातला ट्रान्सफॉर्मर मागवण्याचा मोह टाळावा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपल्याकडचे २३० व्होल्ट चालत नाहीत हे सर्वांना कळते. परंतु व्होल्टेज उतरवून दिले तरी आपली वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि त्याच कोअरला (तारेच्या वेढ्यांमधल्या लोखंडी गाभ्याला) ५० हर्ट्झवर एकपंचमांश अधिक वेढे लागतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वेढे कमी पडले की कोअर संपृक्त होतो, म्हणजे त्याची चुंबकत्व पेलण्याची मर्यादा संपते, आणि ट्रान्सफॉर्मर तापत राहतो.

कोल्हापूरकरांना या बाबतीत एक फायदा आहे. ऊसपट्ट्यातल्या पंपांच्या मोटरी सतत जळत असतात, त्यामुळे येथे वाइंडिंगची दुकाने भरपूर आहेत, आणि तांब्याची इनॅमल तार, इन्सुलेशनचा कागद, वार्निश आणि मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) या चारही गोष्टी त्यांच्याकडे असतात. मात्र मोटर भरणारा प्रत्येक कारागीर ट्रान्सफॉर्मर भरतोच असे नाही. स्टॅबिलायझर किंवा बॅटरी चार्जर यांचे ट्रान्सफॉर्मर भरणारा माणूस शोधावा आणि त्याच्या हाती तोंडी वर्णन न देता लिहिलेला कागद द्यावा. पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी मी असे लिहून देतो: प्रायमरी (पुरवठ्याकडचे वेढे) ०-२३०-२५० व्होल्ट, एक सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारे वेढे) २००-०-२०० व्होल्ट, ८० मिलिअँपिअर, दुसरी ६.३ व्होल्ट, २ अँपिअर. प्रत्येक थरानंतर कागद, प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये दुप्पट-तिप्पट इन्सुलेशन, आणि शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणे. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमधल्या ओलाव्यात वार्निश न केलेली कॉइल दमट होते, म्हणून हे शेवटचे काम ‘नंतर बघू’ म्हणून सोडू देऊ नये.

२५० व्होल्टचा टॅप, म्हणजे वेढ्यांतून काढलेले जादा टोक, का, तर घरातला पुरवठा नेहमी २३० नसतो. रात्री भार उतरल्यावर तो २४०च्या वर गेला तर फिलामेंटचे (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्टही त्याच प्रमाणात वाढतात; २४५ व्होल्टला ते ६.७ होतात. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक व्हॉल्व्ह सोसते, पण रोज त्या काठावर चालवल्यास तिचे आयुष्य कमी होते.

वेढ्यांचा हिशेब स्वतः करून पाहावा, म्हणजे कारागिराशी बोलता येते. ५० हर्ट्झसाठी ४५ या संख्येला कोअरच्या मधल्या पायाच्या चौरस सेंटिमीटरमधल्या क्षेत्रफळाने भागले की एका व्होल्टला लागणारे वेढे मिळतात. दहा चौरस सेंटिमीटरचा कोअर घेतला तर व्होल्टमागे साडेचार वेढे, म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला १,०३५ वेढे येतात. सेकंडरीला तारेतल्या घटीपोटी काही टक्के वेढे जास्त द्यावे लागतात, म्हणून ६.३ व्होल्टला २८ऐवजी २९ वेढे सांगावेत. तयार ट्रान्सफॉर्मर घेण्यापूर्वी दुकानातच प्रायमरी, सेकंडरी आणि कोअर यांच्यामध्ये मेगर लावून दाखवण्याची विनंती करावी. कारागीर याला कधीच नाही म्हणत नाहीत. त्यांचे ते रोजचे काम आहे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा अधिक नाजूक विषय आहे आणि माझी पहिली चूक येथेच झाली. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या स्टॅम्पिंगच्या पत्त्या एक आड एक उलट दिशांनी बसवतात, म्हणजे कोअरमध्ये फट राहत नाही. सिंगल एंडेड ॲम्प्लिफायरच्या प्रायमरीतून मात्र सुमारे ४५ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह सतत वाहत असतो आणि फट नसलेला कोअर त्याने संपृक्त होतो. मी हे सांगायला विसरलो, कारागिराने सवयीप्रमाणे पत्त्या एकमेकींत गुंफल्या, आणि गिटारच्या खालच्या तारांचा आवाज पातळ आणि फाटका येऊ लागला. तेव्हा सगळ्या ‘ई’ एका बाजूने, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूने आणि दोहोंच्या मध्ये साध्या छपाईच्या कागदाचा एक थर, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, असे चित्र काढूनच द्यावे. आठ चौरस सेंटिमीटरच्या कोअरवर ३८ गेजच्या तारेचे २,५०० वेढे प्रायमरीला आणि जाड तारेचे १०० वेढे आठ ओहमच्या स्पीकरसाठी सेकंडरीला, हे प्रमाण २५ ला १ होते. २५चा वर्ग ६२५ आणि त्याला ८ने गुणले की ५,००० ओहम मिळतात. प्रायमरीचे दोन भाग करून सेकंडरी त्यांच्या मध्ये भरता आली तर वरच्या पट्टीतला आवाज अधिक मोकळा येतो. कारागीर तयार नसेल तर पहिल्या ॲम्प्लिफायरसाठी हट्ट धरू नये.

दुसरा मार्ग जुन्या रेडिओचा. अनेक वाड्यांच्या माळ्यावर व्हॉल्व्ह रेडिओ पडून आहेत, आणि भंगारात किंवा जुन्या दुरुस्ती कारागिरांकडेही ते अधूनमधून सापडतात. चालू स्थितीतला रेडिओ मोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्याचा लाकडी खोका कुजला आहे किंवा डायल फुटली आहे असाच घ्यावा. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लहान असला तरी गिटारला चालतो, कारण गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि त्याखाली आपल्याला फारसे काही नकोच असते. तो तपासण्यासाठी साध्या १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे एसी व्होल्टेज त्याच्या प्रायमरीला, म्हणजे बारीक तारेच्या बाजूला द्यावे आणि दुसरीकडे मोजावे. ०.४८ व्होल्ट आले तर प्रमाण २५ ला १. हा प्रयोग उलट बाजूने कधीही करू नये, कारण मग बारीक तारेवर तीनशे व्होल्ट उभे राहतात.

रेडिओ घेताना त्यातल्या व्हॉल्व्हवरची अक्षरे वाचावीत. नाव ‘ई’ने सुरू होत असेल तर फिलामेंट ६.३ व्होल्टचे असते आणि आतला बहुतेक माल आपल्या उपयोगाचा असतो. नाव ‘यू’ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५, तर तो एसी-डीसी रेडिओ आहे. त्यात सगळी फिलामेंट एकामागे एक जोडलेली असतात, पुरवठ्यापासून वेगळे करणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि चॅसी थेट मेनशी जोडलेली असू शकते. अशा चॅसीला गिटार जोडणे म्हणजे वाजवणाऱ्याने विजेची उघडी तार हातात धरणे होय. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर काढून घ्यावा आणि बाकीचे सर्किट विसरावे.

व्हॉल्व्हसाठी दोन पर्याय आहेत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओच्या व्हॉल्व्ह देशात बनवल्या, आणि त्यांच्या ईएल८४ व ईसीसी८३ जुन्या साठ्यात अजूनही सापडतात. नव्या हव्या असतील तर स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीच्या मागवता येतात. परदेशातून थेट मागवताना सीमाशुल्क आणि कुरिअरचा आकार धरूनच किमतीचा विचार करावा. जुनी व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग पाहावा. तो दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ती व्हॉल्व्ह फुकटही घेऊ नये. त्यानंतर मीटरने फिलामेंट तपासावे. ईएल८४ आणि ईसीसी८३ या दोघींमध्ये चौथ्या आणि पाचव्या पिनांत काही ओहम दिसले पाहिजेत.

ईएल८४ला नऊ पिनांचे आणि ६व्ही६ला आठ पिनांचे सॉकेट लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कंट्रोल पॅनेलचे सामान विकणाऱ्यांकडे आठ पिनांचा रिले बेस मिळतो आणि त्यात ६व्ही६ बसतेही. परंतु त्याचे प्लास्टिक पॉवर व्हॉल्व्हच्या उष्णतेसाठी बनवलेले नसते, म्हणून मी तो वापरत नाही. चिनी मातीचे सॉकेट टपालाने मागवणे बरे. मुंबईला जाणे होत असेल तर लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे एक फेरी मारावी. सॉकेट, एक मेगओहमचे लॉग पोटेन्शिओमीटर, पाव इंची जॅक आणि ४५० व्होल्टचे कॅपॅसिटर यांची यादी बरोबर ठेवावी.

कॅपॅसिटरच्या बाबतीत कोल्हापुरात एक चांगला पर्याय हाताशी आहे. पुरवठ्यातील पहिल्या फिल्टरसाठी साधारण २२ ते ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लागतो. त्याऐवजी पंपाच्या सिंगल फेज मोटरीचा ४४० व्होल्ट एसीचा रन कॅपॅसिटर वापरता येतो. तो फिल्मचा असतो, ४४० व्होल्ट एसीचे शिखर ६२० व्होल्टच्या पुढे जाते आणि आपले डीसी ३४० व्होल्टच्याही वर जात नाही, त्यामुळे तो सहज वर्षानुवर्षे टिकतो. आकार मोठा असतो एवढीच अडचण. मात्र दुकानात ‘रन’ असे स्पष्ट म्हणावे. स्टार्ट कॅपॅसिटर जास्त मायक्रोफॅरडचा असतो, पण तो काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो आणि येथे चालत नाही.

टप्प्यांमधला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर, ज्यावर २२३ छापलेले असते, नवाच आणि ६३० व्होल्टचाच घ्यावा. जुन्या रेडिओतला मेणकागदाचा कॅपॅसिटर गळतो, त्यातून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) धन व्होल्टेज पोचते आणि तिची प्लेट लालबुंद होऊन ती मरते. डायोडसाठी १एन४००७ कोणत्याही दुकानात मिळतो. रेझिस्टर घेताना ओहमबरोबर व्होल्टेजही महत्त्वाचे असल्याने पाव वॅटचे टाळून एक वॅटचे मेटल फिल्म घ्यावेत. कॅथोडसाठी पाच वॅटचा सिमेंट रेझिस्टर उत्तम.

सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर टेबलावर मांडून, मोजून झाल्यावरच चॅसीचे चित्र काढावे आणि उद्यमनगरात पत्र्याचे काम करणाऱ्याकडे जावे. १६ गेजचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवायला आणि छिद्रे पाडायला सोपा जातो. दोन्ही ट्रान्सफॉर्मर चॅसीच्या दोन टोकांना आणि त्यांचे कोअर एकमेकांना काटकोनात बसतील अशी जागा ठेवावी, नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मरची घरघर आउटपुटमध्ये उतरते. खोक्यासाठी यंत्रांच्या पॅकिंगचे पाइन लाकूड हलके आणि स्वस्त पडते. स्पीकर आठ किंवा दहा इंची, आठ ओहमचा आणि निदान पंधरा वॅटचा असावा. गाडीचा सबवूफर घेऊ नये, कारण पाच वॅटवर तो जेमतेम कुजबुजतो.

शेवटच्या खरेदीत अर्थिंगची तीन पिनांची केबल, अर्धा अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज व त्याचा होल्डर, मुख्य कॅपॅसिटरवर कायम जोडण्यासाठी २२० किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये लावायला ६० वॅटचा फिलामेंटचा दिवा व होल्डर घ्यावा. हिरवी तार चॅसीला वेगळ्या बोल्टने घट्ट आवळावी, आणि ज्या खोलीत ॲम्प्लिफायर चालणार तिथल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे; जुन्या पेठांतल्या घरांत तिसरे भोक पुष्कळदा नुसतेच असते. बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात, म्हणून तो २२० किलोओहमचा रेझिस्टर सर्वांत आधी जोडावा आणि मीटरवर दहा व्होल्टच्या खाली आकडा दिसल्याशिवाय चॅसीत हात घालू नये.