अजमेर ते मेहरानगड: सूफी संगीताच्या सहलीची तयारी

फेब्रुवारीत जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर होणाऱ्या वर्ल्ड सेक्रेड स्पिरिट फेस्टिव्हल या संगीत महोत्सवासाठी अजमेर, नागौर, जोधपूर हा मार्ग सोयीचा पडतो. अजमेर ते नागौर साधारण 160 किलोमीटर आणि नागौर ते जोधपूर 140 च्या आसपास. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या जाहीर झाल्याशिवाय काहीही बुक करू नका. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नागौरची राहण्याची सोय मात्र तारखा कळताच बघा, आरक्षण उघडण्याची वाट पाहू नका, कारण माघातला रामदेव पशुमेळा कधीकधी याच दिवसांत येतो आणि लहान गावातल्या खोल्या भराभर संपतात.

सहल कंपनीला पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागा. महोत्सवाचा पास एका दिवसाचा आहे की सगळ्या दिवसांचा? पहाटेची मैफल त्यात धरली आहे का? अजमेरच्या दर्ग्यात गटाबरोबर कोण येणार? परवानाधारक गाइडला किल्ल्याचा इतिहास येतो, पण संगीताबद्दल त्याला बोलता येईलच असं नाही. मग रोजचा कार्यक्रम बारकाईने वाचा. दिवसभर स्थळदर्शन आणि संध्याकाळी मैफल असं ठासून भरलेलं असेल, तर ते कमी करायला सांगा. या सहलीत सगळ्यात जास्त नासतं ते ऐकणंच. मैफली रात्री उशिरापर्यंत चालतात, पुढची सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते आणि मधली दुपार बाजारात गेली की रात्री गाणं रंगात येतं तेव्हा माणसं पेंगायला लागतात. दुपारची दोन तासांची झोप कार्यक्रमपत्रिकेत छापूनच घ्या.

अजमेरला मोठी बस दर्गा बाजारात जात नाही. उतरून चालावं लागतं किंवा रिक्षा करावी लागते, म्हणून सामान आधी हॉटेलवर टाका. गुरुवार-शुक्रवारची गर्दी टाळा. कॅमेरा आणि मोठी पिशवी आत नेता येत नाही, त्यामुळे पैसे आणि ओळखपत्र कमरेच्या लहान पाकिटात ठेवा. डोकं झाकायला पुरुषांनी टोपी किंवा मोठा रुमाल, बायकांनी ओढणी घ्यावी. सुळसुळीत ओढणी गर्दीत सारखी घसरते, सुती बरी. पादत्राणं सहज काढता-घालता येतील अशी हवीत. दहा, वीस, पन्नासच्या नोटा सुट्या ठेवा. फुलांच्या टोपलीचा भाव टोपली हातात घेण्याआधी विचारा. नजराणा किती द्यायचा हे गटाने बाहेरच ठरवावं, म्हणजे आत घासाघीस होत नाही, आणि मोठी रक्कम द्यायची असेल तर पावती घ्यावी. आवारात प्रसाद शिजवायच्या दोन देगी म्हणजे प्रचंड कढया आहेत: अकबराने दिलेली मोठी आणि जहांगीरने दिलेली छोटी, दोन्हींत शिजतं ते शाकाहारी. मजारीकडे म्हणजे संतांच्या समाधीकडे पाठ न करता मागे सरत बाहेर या. संध्याकाळी आवारात कव्वाली ऐकायला बसाल तेव्हा गाणाऱ्यांच्या आणि मजारीच्या मधून ये-जा करू नका.

नागौरला अजमेरच्या दर्ग्यातले संत ख्वाजा मोइनुद्दीन यांचे शिष्य हमीदुद्दीन नागौरी यांचा दर्गा आहे. थोडीशी शेती करून जगणारे हे संत मांस खात नसत. तिथे जाताना मांसाहारी डबा बरोबर नको.

ऐकण्याची तयारी घरून निघण्याच्या महिनाभर आधी सुरू करा. वारकरी भजन जसं रूपाच्या अभंगाने सुरू होतं, तसा पारंपरिक कव्वालीलाही क्रम असतो: आधी ईश्वराची स्तुती म्हणजे हम्द, मग पैगंबरांची स्तुती म्हणजे नात, पुढे संतांची स्तुती म्हणजे मनकबत. कौल आणि रंग या कव्वालीतल्या प्रकारांचं नातं कवी अमीर खुसरोंशी जोडलं जातं. दर्ग्यात रंग सुरू झाला की लोक उभे राहतात, तेव्हा तुम्हीही उठा. लंगा आणि मांगणियार या राजस्थानातल्या पिढीजात लोकगायकांची किमान दोन-दोन ध्वनिमुद्रणं ऐकून ठेवा. लंगांची सिंधी सारंगी आणि मांगणियारांचा कमायचा, दोन्ही गजाने वाजणारी वाद्यं, यांतला फरक कानात बसला की अर्धं काम झालं. कमायचाचं पोट गोल, कातड्याने मढवलेलं असतं. त्याच्या तातीच्या तारांवर गज रुंद फिरतो तेव्हा आवाज किंचित घोगरा, छातीतून आल्यासारखा वाटतो. मांगणियार मुसलमान आहेत, त्यांचे अनेक यजमान हिंदू. त्यामुळे एकाच बैठकीत कृष्णाचं भजन आणि पंजाबी सूफी कवी बुल्लेशाहांचा कलाम म्हणजे काव्य ऐकायला मिळू शकतो. शब्द आधी वाचले असतील तर हे ऐकणं फार वेगळं होतं.

जोधपूरची दुपार उन्हाची असते, पण मेहरानगड उंच खडकावर आहे आणि रात्री वारा बोचतो. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा सुती सदरा, पातळ स्वेटर आणि शाल असे तीन थर घ्या. किल्ल्याचा चढ फरसबंद, घासून गुळगुळीत झालेला आहे. दर्ग्यासाठी आणलेल्या चपला इथे घसरतात, रबरी तळव्याचे बूट हवेत. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे, पण रात्री मैफल संपेपर्यंत ती चालू असते का हे आधी विचारून ठेवा. उतरताना लहान टॉर्च लागेल. बैठक खाली गाद्यांवर असली तर खुर्ची आयोजकांकडून आधीच मागावी. हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याची बाटली आणि ओठांना मलम ठेवा. मैफलीपूर्वी मिरची वडे, कचोरी नको. पोट जड झालं की जागरण सोसत नाही.

पहाटेच्या मैफलीची जागा किल्ल्याजवळचं संगमरवरी स्मारक जसवंत थडा असेल तर जाड मोजे विसरू नका, कारण संगमरवर त्या वेळी गार पडलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्योदय सातनंतर होतो. अंधारातच पोहोचायचं, तर रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवा. फोन बंद करा. ध्वनिमुद्रण कलाकाराला विचारल्याशिवाय करू नका, त्यावर त्यांचं पोट आहे. पुढची परतीची गाडी दुपारनंतरचीच असू द्या. सकाळची गाडी धरणाऱ्यांना ही मैफल अर्ध्यावर सोडून उठावं लागतं.